आमच्या पार्टीला लागलेला 'रोग'

रविवार, १६ जून २०२४, संध्याकाळचे साडेसहा. बाहेर मुसळधार पाऊस. माझ्या डायनिंग टेबलावर डन्जन्स अँड ड्रॅगन्सचा डाव, पाच कप चहा गार झालेला, आणि खेळातला चिमटा नावाचा तीन फुटी चोर शून्य हिट पॉइंटवर, म्हणजे जीव संपून, आडवा. त्याला आडवं करणारी इलावती कुणी शत्रू नव्हती, आमच्याच पार्टीतली, म्हणजे चमूतली, पॅलाडिन (शपथ घेतलेली धर्मयोद्धा) होती. चिमटा खेळणारा माझा मावसभाऊ एक शब्द न बोलता फासे पिशवीत भरत होता. इलावती खेळणारी माझी ऑफिसातली मैत्रीण छत्री शोधत होती. आणि मी, म्हणजे डीएम (डन्जन मास्टर, खेळ चालवणारी), पुठ्ठ्याच्या पडद्यामागे बसून नियमांची पानं उगाच चाळत होते.

त्यानंतर नऊ आठवडे चिमटा तसाच शून्यावर पडून होता.

त्या काळात कुणीतरी 'आमच्याकडेही असंच झालं होतं' एवढं म्हणालं असतं तरी मला बरं वाटलं असतं. म्हणून हे लिहितेय. माणसांची नावं देत नाही, कॅरेक्टरच्या नावांवर भागेल. भावाने आणि मैत्रिणीने दोघांनीही हा मजकूर वाचलाय. मैत्रिणीने एक आकडा दुरुस्त केला. तो आकडा कोणता, हे पुढे कळेलच.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आम्ही डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळतो. चार जण एकेक कॅरेक्टर चालवतात, पाचवा डीएम बाकीचं सगळं जग चालवतो, आणि काय जमलं, काय फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. आमचे काका, म्हणजे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, वय ५२, पहिल्या दिवशी म्हणाले होते, "हा खेळ १९७४ सालचा? म्हणजे माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान." ते एल्फ जादूगार झाले. शाळेत शिकवणारी माझी मैत्रीण क्लेरिक, म्हणजे मंत्राने बरं करणारी पुजारीण, झाली, शेवंती. ऑफिसातली मैत्रीण पॅलाडिन, आणि इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला निघालेला भाऊ हाफलिंग, म्हणजे बुटक्या जमातीतला, रोग (इंग्रजीत 'rogue', म्हणजे चोर). काकांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "हा कसला रोग?" तो विनोद आम्ही पाच महिने चघळला. नंतर तो विनोद उरला नाही.

पहिला डाव ७ जानेवारी २०२४ ला झाला. खर्च म्हणाल तर फारसा नाही. फाशांचे तीन संच, पेन्सिली, नियमांच्या झेरॉक्स. (नवख्यांसाठी: पाचव्या आवृत्तीच्या मूळ नियमांचा मोठा भाग, ज्याला एसआरडी म्हणतात, तो जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत आहे. घाईने जाड पुस्तकं विकत घेऊ नका.) सुरुवातीला सगळ्यांनी बसून काय खेळायचं, काय नको, हे ठरवायची एक बैठक असते, तिला सेशन झिरो म्हणतात. मला हे माहीत होतं. पण रविवारची दुपार बोलण्यात घालवायची जिवावर आलं. 'कोण कुठला क्लास (चोर, जादूगार वगैरे) घेणार' एवढं वीस मिनिटांत उरकून मी थेट गोब्लिन सोडले.

फेब्रुवारीत भावाचा पहिला मेसेज आला, तोही डाव चालू असताना, टेबलाच्या त्या टोकावरून: "ताई, पेटी उघडताना मी मूठभर नाणी खिशात टाकतो. कुणाला सांगू नकोस." मला मजा वाटली. मी पडद्यामागून मान हलवली. त्याने फासा टाकला, मी लिहिलं: "१५ मिळाली." तो हसला, मीही हसले. पुढचे चार महिने हे चालू राहिलं.

हिशोब ठेवायचं काम इलावतीकडे होतं. मैत्रीण ऑफिसात अकाउंट्सला आहे, तेव्हा तिने आपणहून लाल कापडी बांधणीची वही आणली. डाव्या पानाला जमा, उजव्याला खर्च. मी पेटीतली रक्कम वाचून दाखवायचे, ती लिहायची, आणि शहरात गेल्यावर पिशवीत कमी भरायचं. एप्रिलमध्ये तिने मला विचारलं, "अगं, काहीतरी जुळत नाहीये, ६५ कमी येतायत." मी म्हणाले, "तुझी बेरीज चुकली असेल."

ह्या सगळ्या गोष्टीतलं सगळ्यात वाईट वाक्य हेच. तेव्हा ते मला लक्षातही राहिलं नव्हतं.

आता फाशाचं गणित सांगते, कारण तिथे माझा खोटेपणा उघडा पडतो. पाचव्या लेव्हलला चिमट्याची हातसफाई होती अधिक दहा. इलावतीची पॅसिव्ह परसेप्शन, म्हणजे लक्ष नसतानाही जे दिसेल ते, दहा. वीस बाजूंच्या फाशावर एक पडला तरी त्याचे अकरा होत होते. म्हणजे तिला कळायची शक्यताच नव्हती. शेवंतीला कधीतरी कळलं असतं, तिचे सतरा होते. पण चिमटा नेमका ती जखमींपाशी असताना पेटीला हात घालायचा, आणि मी त्याला तसं करू द्यायचे. मग मी फासा टाकायला का लावत होते? तर 'फाशाने ठरवलं' असं म्हणता यावं म्हणून. ठरवत मीच होते.

नवव्या डावात त्याने हिरा पळवला. क्लेरिकला मेलेल्या माणसाला परत उठवायचा मंत्र येतो, रिव्हिव्हिफाय, पण त्याला ३०० सोन्याच्या नाण्यांचा हिरा लागतो, आणि तो मंत्रात खर्ची पडतो. पार्टीने दोन डावांची कमाई त्यासाठी राखून ठेवली होती. चिमट्याने त्या जागी काचेचा तुकडा ठेवला आणि हिरा चोरबाजारात निम्म्या भावाने फुंकला. मी म्हणाले, "बापरे, धमाल येणार."

१६ जूनला आली धमाल. पार्टीची खेचरं हाकणारा एक बारा वर्षांचा पोरगा होता, मीच बनवलेला. सगळ्यांना त्याचा लळा लागला होता. पूल कोसळला, पोरगा गेला. शेवंतीने पिशवीत हात घातला. मृत्यूनंतर एका मिनिटाच्या आत मंत्र म्हणायचा असतो. मी शांतपणे सांगितलं, "हातात काच आहे."

टेबलावर सगळे गप्प. मग इलावतीने झोन ऑफ ट्रुथ नावाचा मंत्र टाकला, पंधरा फूट त्रिज्येच्या वर्तुळात खोटं बोलता येत नाही. त्यातून सुटायला चिमट्याला चौदा हवे होते, सात पडले. तिने त्याला विचारलं, त्याने कबूल केलं. आणि मग तिने चिमट्याला नाही, मावसभावाला विचारलं, "कधीपासून?"

"फेब्रुवारी."

"आणि हिला माहीत होतं?"

वर्तुळाबाहेर असूनही मी खोटं बोलू शकले नाही.

भाऊ म्हणाला, "अगं पण चोर आहे तो! माझं कॅरेक्टर असंच वागणार ना!" ती म्हणाली, "बरोबर. मग माझंही असंच वागणार." तलवारीचे दोन वार, दोन्ही लागले, दोन्हींवर स्माइट (पॅलाडिनची जादा दैवी मार), एकूण ४१. चिमट्याचे हिट पॉइंट ३८. पाचव्या लेव्हलच्या रोगला अनकॅनी डॉज असतो, एका वाराचं नुकसान निम्म्यावर आणता येतं, आणि पहिल्याच वारावर वापरला असता तर तो वाचला असता. मी त्याला आठवण करून दिली. तो म्हणाला, "नको. मारू दे तिला."

त्या क्षणी मी थांबवायला हवं होतं. डीएमची जेवढी म्हणून कामं असतात त्यात हे पहिलं. मी मात्र विचारलं, "स्माइट कितव्या पातळीचा?"

पुढचे पंधरा दिवस मी जे जे केलं त्याने प्रकरण आणखी चिघळलं. रात्री साडेअकराला ग्रुपवर मेसेज टाकला: "दोघांचंही थोडं थोडं चुकलं, जाऊ द्या, खेळ आहे." दोन निळ्या टिका आल्या, उत्तर कुणाचंच नाही. सकाळी मैत्रीण ग्रुपमधून बाहेर पडली. माझी एकच विनंती आहे, असं काही झालं तर त्या रात्री ग्रुपवर काहीही लिहू नका. 'खेळ आहे' हे तर मुळीच नको. चार महिने मन लावून वही लिहिणाऱ्याला ते वाक्य फार लागतं.

दुसरी चूक मोठी होती. मला वाटलं, भांडण खेळात झालंय तर मिटवूही खेळातच. चिमट्यावर खटला चालवायचा: नगराचा न्यायाधीश, साक्षी, उलटतपासणी. मैत्रिणीला कशीबशी तयार केली. रविवार ३० जून, पालख्या पुण्यात, रस्ते बंद, म्हणून डिस्कॉर्डवर, म्हणजे ऑनलाइन, जमलो. न्यायाधीश मीच. चिमटा शून्यावर असल्यामुळे त्याचं भूत साक्ष देईल अशी पळवाट मी काढली होती, ती आठवली की अजून कानकोंडं व्हायला होतं. भावाने भुताचा आवाज काढून झकास भाषण ठोकलं. काका हसले. मीही हसले. इलावतीचा माइक बंद होता. पंचविसाव्या मिनिटाला तिची खिडकीच नाहीशी झाली.

त्या खटल्यात आरोपी एकच होता, आणि खरी दुसरी आरोपी न्यायाधीशाच्या खुर्चीत बसली होती. हे मला कुणी सांगितलं नाही, कपडे वाळत घालताना माझं मलाच कळलं.

गुरुवारी, ४ जुलैला, ऑफिस सुटल्यावर तिला चहाला चल म्हणाले. माफी मागायची तयारी करून गेले होते, पण तिने मला बोलूच दिलं नाही. म्हणाली, "हिरा गेला त्याचं मला काही नाही. चोर चोरी करणारच. पण तुम्ही दोघं फेब्रुवारीपासून मोबाईलमध्ये बघून हसत होतात, आणि मला वाटायचं काहीतरी घरचं असेल. मी घरी जाऊन रात्री त्या बेरजा परत करायचे. तीनदा केल्या. आणि तू म्हणालीस, बेरीज चुकली असेल." थोडं थांबून म्हणाली, "माझी बेरीज चुकत नाही, माहितीये ना तुला?"

मला माहीत होतं. आमच्या ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे.

मी फक्त ऐकून घेतलं. 'पण' हा शब्द एकदाही वापरायचा नाही, असं ठरवून गेले होते; तेवढं एक जमलं. चहाचे पैसे तिने दिले, मला देऊ दिले नाहीत.

भाऊ भेटायला आणखी नऊ दिवस लागले. प्लेसमेंटच्या तयारीत होता, फोन उचलत नव्हता, शेवटी मावशीकडून निरोप गेला. आला तो फुरंगटूनच. "तूच म्हणायचीस ना फासा टाक म्हणून? नको म्हणाली असतीस तर नसतं केलं." ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, तसं त्याला सांगितलं. मग तो जरा सैल झाला आणि जे बोलला ते माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. "ताई, लढाईत माझी पाळी आली की मी एक वार करतो नि बसतो. काकांचे मंत्र वीस-वीस मिनिटं चालतात. तू माझ्याकडे नीट बघायचीस ती फक्त चोरी करताना."

म्हणजे एकाला मी खिजगणतीत धरलं नाही म्हणून तो चोरी करत राहिला, आणि दुसरीला त्याच चोरीत मी गिनलं नाही. दोघांचं एकमेकांशी भांडण जवळपास नव्हतंच.

ह्या मधल्या काळात मी पुष्कळ वाचलं. त्यातल्या दोन गोष्टी कामाच्या ठरल्या. एक, जॉन स्टाव्ह्रोपोलस यांची एक्स-कार्डची युक्ती: टेबलाच्या मध्ये एक कार्ड ठेवायचं, त्यावर फुली, कुणाला काही नको झालं तर कार्डाला हात लावायचा, तो भाग तिथेच गाळायचा, कारण विचारायचं नाही. दुसरी, रॉन एडवर्ड्स यांच्या लाइन्स अँड व्हेल्स: काही गोष्टी खेळात अजिबात येणार नाहीत, तर काही येतील पण पडद्याआड. वाचताना हे सगळं फार परदेशी आणि औपचारिक वाटत होतं. मित्रमंडळींत कसली आलीत कार्डं?

औपचारिकतेची भीती काकांनी घालवली. त्यांना सगळं सांगितल्यावर म्हणाले, "विषयपत्रिका काढ. सात दिवस आधी सगळ्यांना पाठव. मिटिंगला विषयपत्रिका नसली की माणसं मनातलं बोलत नाहीत, तोंडाला येईल ते बोलतात. पार्किंगच्या भांडणात बावीस वर्षं बघतोय मी."

तर विषयपत्रिका निघाली. २८ जुलैला पाठवली, बैठक ४ ऑगस्टला. सोबत एक गूगल फॉर्म, सहा प्रश्न, नाव न लिहिता भरायचा: खेळात काय अजिबात नको, काय पडद्याआड चालेल, कॅरेक्टरांनी एकमेकांशी भांडलेलं चालेल का, कुठपर्यंत, आत्तापर्यंत काय आवडलं, काय खटकलं. एक सूचना: चारच माणसं असली तर लिहिण्याच्या ढंगावरून कोण कोण ते ओळखू येतं. म्हणून मोकळ्या उत्तरांपेक्षा खुणा करायचे पर्याय जास्त ठेवा. मी ते केलं नाही, आणि काकांचं 'उपरोक्त बाबतीत' लगेच ओळखू आलं.

एक उत्तर मात्र अजूनही कुणाचं ते मला माहीत नाही, आणि मी शोधलंही नाही. 'अजिबात नको' ह्या रकान्यात एकाने लिहिलं होतं: लहान मुलांचा मृत्यू. पुलावरचा तो पोरगा मी नुसता हिऱ्याचा प्रसंग रंगावा म्हणून मारला होता. टेबलावरच्या कुणाला तरी तो प्रसंग त्या चोरीपेक्षा जास्त लागला होता, आणि सात आठवडे ते माणूस गप्प होतं.

४ ऑगस्टची बैठक अडीच तास चालली. खर्च ६४० रुपये: बटाटेवडे, चहा, झेरॉक्स. फासे मुद्दाम कपाटात ठेवले. काकांनी सोसायटीच्या सवयीने इतिवृत्ताची वही उघडली आणि वर लिहिलं, 'उपस्थिती: पाच. गणसंख्या पूर्ण.' मैत्रीण तेव्हा पहिल्यांदा हसली.

विषय क्रमांक एक माझा होता, मीच तसा लिहिला होता: डीएमने खेळाडूंपासून लपवाछपवी केली, त्याबद्दल. मी उठून वगैरे उभी राहिले नाही, पण बेरजेचं वाक्य उच्चारून त्याबद्दल माफी मागितली. मोघम 'सॉरी, माझं चुकलं' म्हणण्यात आणि नेमकं काय चुकलं ते चारचौघांत बोलण्यात फार फरक आहे, दुसरं घशातून बाहेर पडत नाही. मैत्रीण म्हणाली, "६५ नव्हते, ७२ होते." (तो हाच आकडा. मी आधी ६५ लिहिला होता, आणि वरचा मुद्दाम तसाच ठेवलाय.)

मग खरी चर्चा झाली ती गुपितांवर. भावाचं म्हणणं, गुपितं नसतील तर चोर खेळायचा कशाला? मुद्दा खरा होता. १९८४ पासून पॅरानोया नावाचा एक खेळ आहे, त्यात सगळी कॅरेक्टरं एकमेकांच्या मुळावर उठलेली असतात आणि गुप्त चिठ्ठ्यांचा पाऊस पडतो. लोक पोट धरून हसतात. पण तिथे बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं की चिठ्ठ्या फिरणार आहेत. आमच्याकडे तिघं एक खेळ खेळत होते आणि दोघं दुसराच. शेवंती म्हणाली, "नाटकात खलनायक पडद्यामागे काय करतो ते इतर पात्रांना माहीत नसतं, पण तालीम सगळ्या नटांनी केलेली असते ना?" शाळेत गॅदरिंग बसवणाऱ्या बाईच ते बोलू जाणोत. तिथून पुढे गाडी रुळावर आली. ठरलं असं की कॅरेक्टरपासून काहीही लपवा, खेळाडूपासून नाही. चोरी करायची तर टेबलावर मोठ्याने सांगून करायची. इलावतीला कळणार नाही, पण तिला चालवणारीला कळेल, आणि हवं तर ती स्वतःच इलावतीला दुसरीकडे बघायला लावेल.

दुसरा नियम भावानेच सुचवला. एका कॅरेक्टरने दुसऱ्यावर काही केलं, म्हणजे वार, चोरी, मंत्र, काहीही, तर फासा पडायच्या आधी समोरच्याला विचारायचं. तो नको म्हणाला तर विषय संपला. हो म्हणाला तर फासाच टाकायचा नाही: ज्याच्यावर वार होतोय तोच सांगणार काय झालं ते. काकांना हे पटेना. "मग प्रत्येक जण म्हणेल वार चुकला." भाऊ म्हणाला, "नाही काका. मला तर मरायला आवडलं असतं. फक्त विचारायला हवं होतं."

बोलून पटवायला फासा वापरायचा नाही, हेही ठरलं. दुसऱ्याचं कॅरेक्टर काय मानेल ते आपल्या पर्सुएजनच्या (मन वळवण्याच्या कौशल्याच्या) आकड्याने ठरत नाही. एक्स-कार्डला कुणीच विरोध केला नाही. काकांनी आपलं जुनं व्हिजिटिंग कार्ड पाठकोरं म्हणून दिलं, शेवंतीने लाल स्केचपेनने फुली मारली. लढाईत प्रत्येकाला दोन मिनिटं, काकांना तीन; हा ठराव चार विरुद्ध एक मतांनी मंजूर.

राहता राहिला शून्यावर पडलेला चिमटा. 'झालंच नाही' म्हणून सगळं पुसून टाकावं, असं मला वाटत होतं. मैत्रीण म्हणाली, "नाही. झालंय ते झालंय." मग नवा नियम मागून लावला: वार चिमट्यावर झालाय, निकाल चिमटावाला सांगेल. तो बराच वेळ गप्प बसला. म्हणाला, "जगतो. पण डावा हात गेला. नाणी उचलायचा तोच." नियमांत ह्याला कसलाच आकडा नाही, आणि मी शोधलाही नाही.

इलावतीचं काय करायचं, यावर मात्र मी परत घसरले. डिव्होशनची शपथ घेतलेल्या पॅलाडिनने सत्य, दया वगैरे पाळायचं असतं. शपथ मोडली तर क्लेरिककडे जाऊन प्रायश्चित्त घ्यावं, रात्रभर प्रार्थनेत जागावं, असं नियमांत सुचवलेलं आहे. मी ते वाचून दाखवायला पान उघडलं. काकांनी हात आडवा केला, "विषयपत्रिकेत नाही." मैत्रिणीने ते पान माझ्या हातून घेतलं, मनातल्या मनात वाचलं, आणि घडी घालून वहीत ठेवलं.

पोराच्या मृत्यूबद्दल मीच सांगितलं की तो पुलाखाली अडकला होता, गेला नव्हता. कुणी काही विचारलं नाही.

१८ ऑगस्टला परत बसलो. पहिला तास अवघडलेला गेला. सगळे इतके जपून बोलत होते की गोब्लिनही नमस्कार करतील असं वाटायला लागलं. मग इलावती म्हणाली, "मी चिमट्याच्या उशाशी रात्रभर जागते. प्रार्थना करत नाही. नुसती बसते." शेवंती तिच्या शेजारी जाऊन बसली. चिमट्याने डोळे उघडून पहिलं वाक्य काय म्हणावं, तर "पाणी मिळेल का, पैसे नाहीत माझ्याकडे." टेबल खळाळून हसलं, आणि मी पडद्यामागून पाहत होते, मैत्रीणही हसत होती. दुसऱ्या दिवशी राखीपौर्णिमा होती. भावाने ओवाळणीत ३०० रुपये टाकले. "हिऱ्याचे," म्हणाला. "अर्धे तिला दे." मी सगळे तिला दिले.

सगळं गोड झालं असं नाही. शेवंती गणपतीनंतर तीन डावांना आली नाही. शाळेचं काम असं म्हणाली, आणि मी फार खोदलं नाही. मोबाईल हातात घेतला की मैत्रिणीची नजर अजून माझ्याकडे वळते. एक्स-कार्डाला एकदाच हात लागला, ऑक्टोबरात, एका अंधाऱ्या विहिरीच्या वर्णनाला. मी वर्णन थांबवलं, विहीर बुजली, चहा आला. पाच मिनिटांचं काम. ह्याला मी 'औपचारिक' म्हणत होते.

नोव्हेंबरात चिमटा आणि इलावती परत भिडले. शत्रूच्या सरदाराचं एक पत्र सापडलं होतं; ते जाळलं तर एक गाव वाचणार होतं, राजाला दिलं तर युद्ध टळणार होतं. भावाने आधी विचारलं, "मी हिच्या हातातून हिसकावू?" मैत्रीण म्हणाली, "हिसकाव. पण फाटू दे. अर्धं तुझ्याकडे, अर्धं माझ्याकडे." दोघं चाळीस मिनिटं तावातावाने भांडले, एकही फासा न टाकता, आणि मी पडद्यामागे नुसती शेंगा सोलत बसले. वर्षातला सगळ्यात चांगला डाव तो.

शेवटचा डाव २२ डिसेंबरला झाला. राक्षस मेला, राजा वाचला, पेटी उघडली. मी रक्कम वाचली. मैत्रिणीने लाल वही काढली, हिशोब केला, भुवया आकसल्या. "१० कमी येतायत."

कुणीच काही बोललं नाही. भावाने दोन्ही हात टेबलावर उताणे ठेवले, डावा हात चिमट्यासारखा वाकडा करून. मी मोबाईल उलटा घालून तिच्याकडे सरकवला.

तिने पेन्सिल परत वरपासून खालपर्यंत फिरवली. एका जागी थांबली. "हातचा राहिला," म्हणाली, आणि खोडरबर मागितलं.